सांगायला जागा हवी



या व्याख्यानाचं निमंत्रण स्वीकारताना मी एक अट घातली होती. नववीच्या पुढची मुलं आईवडिलांबरोबर सभागृहात असली पाहिजेत. ती आली आहेत. त्याबद्दल संयोजकांचे आभार, आणि मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांचे त्याहून जास्त. ज्या शिक्षिकेच्या स्मृतीसाठी आपण जमतो, त्या कुठलाही प्रश्न ‘हे तुझ्या वयाचं नाही’ म्हणून परतवत नसत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्या आधारावर मी आज बोलणार आहे.

विषय सरळ सांगते. वयात येणारी मुलं-मुली आपले खासगी, उघडे फोटो फोनवरून एकमेकांना पाठवतात. कुणी प्रेमात पाठवतं, कुणी आग्रहाला बळी पडून, कुणी भीतीपोटी. पुढे त्या फोटोचं काय होतं? त्या मुलाचं किंवा मुलीचं काय होतं? आणि आपण मोठी माणसं त्या वेळी कुठे उभी असतो? मी वकील आहे, मुलांशी संबंधित खटल्यांत उभी राहते. तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलांत असलं काही नसतं, असं ज्यांच्या मनात येतंय त्यांना इतकंच सांगते, की दिल्ली पोलिसांचं सायबर गुन्ह्यांचा तपास करणारं आयएफएसओ हे युनिट आपल्याच द्वारकेत, सेक्टर १६-सी मध्ये आहे. तिथे येणाऱ्या तक्रारी तुमच्या-आमच्यासारख्याच घरांतून आलेल्या असतात.

सुरुवात आपल्या शहरापासून करू. साल २००४. कॅमेऱ्याचे फोन नुकते आले होते, तेही पैसेवाल्या घरांत. दक्षिण दिल्लीतल्या एका नावाजलेल्या शाळेतली दोन अल्पवयीन मुलं. मुलाने फोनवर जेमतेम अडीच मिनिटांची चित्रफीत काढली. ती एमएमएसने मित्राकडे गेली, मित्राकडून त्याच्या मित्राकडे. थोड्याच दिवसांत पालिका बाजारात तिच्या सीडी मिळू लागल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस खरगपूरच्या आयआयटीतल्या एका विद्यार्थ्याने ती बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर लावली. किंमत १२५ रुपये. डिसेंबरात संकेतस्थळाचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली आणि प्रकरण जगभर गाजलं.

त्यावर पुढे बारा वर्षं कायद्याचा खल चालला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, २०१६ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात. जबाबदार कोण, संचालक की कंपनी? व्यवस्थापकावर दंड संहितेखाली खटला चालेल की माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीच? प्रश्न महत्त्वाचे होते, वकिलांच्या पिढ्या ते अभ्यासतील. पण ही निकालपत्रं वाचताना मी दर वेळी एका जागी थांबते. ज्या मुलीमुळे, म्हणजे जिच्यावर झालेल्या अन्यायामुळे, हे सगळं उभं राहिलं, ती त्या पानांत जवळजवळ नाहीच. तो खटला आजही शाळेच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव घेणार नाही. त्या नावापासून त्या मुलीपर्यंत पोचणं तेव्हा कुणालाच अवघड नव्हतं, आणि लोक पोचले.

आता त्या चित्रफितीचा प्रवास पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ती काढली एका अल्पवयीन मुलाने. तिची सीडी बनवली कुणी? मोठ्या माणसांनी. विकली कुणी? मोठ्या माणसांनी. पालिका बाजारात जाऊन विकत घेतली कुणी? ‘आजकालची पिढी’ म्हणून हळहळत ती पाहिली कुणी? दोन मुलांची चूक शहराएवढी कुणी केली? आपण. शिकलेल्या, सज्ञान, घरात मुलं असलेल्या माणसांनी. पालकांच्या सभांत मुलांना काय शिकवायचं यावर तासन् तास बोललं जातं. मला आधी मोठ्यांशी बोलायचं आहे, ते यासाठी.

याच्याही दहा वर्षं मागे जाऊ. सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना १९९४ चं जळगाव आठवत असेल. मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं. साधा कॅमेरा आणि व्हिडिओ. शाळा-कॉलेजातल्या मुलींना आणि स्त्रियांना जाळ्यात ओढायचं, फोटो काढायचे, आणि त्या फोटोंच्या धाकावर पुन्हा पुन्हा बोलवायचं. तपास अरविंद इनामदारांसारख्या करड्या पोलीस अधिकाऱ्याकडे होता, मीरा बोरवणकर याही अधिकारी म्हणून त्या तपासात होत्या. तरी त्यांच्यासमोरचा सगळ्यात मोठा अडथळा कोणता होता? तक्रार द्यायला कुणी पुढे येईना. मुली गप्प, आया गप्प, घरं गप्प. लग्नं मोडतील, भावांची लग्नं अडतील, नाव जाईल.

त्या गुन्हेगारांचं हत्यार कॅमेरा होता असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही. कॅमेऱ्याने फोटो निघतो, धाक निघत नाही. ‘तुझ्या घरी दाखवीन’ या तीन शब्दांत जो धाक होता तो आपल्या घरांनी पुरवलेला होता. ज्या मुलीला ठाऊक आहे, की घरी कळलं तर आई रडेल, बाबा चिडतील, पण दोघं माझ्या बाजूला उभे राहतील, तिला ‘घरी दाखवीन’ म्हणून किती दिवस छळता येईल? एक दिवस. फार तर दोन. आज मला जे सांगायचं आहे ते हेच आहे, बाकीचं व्याख्यान त्याच्याभोवती फिरेल.

तीस वर्षांत काय बदललं? फोटो काढणं सोपं झालं, पाठवणं त्याहून सोपं. मुलांनो, हे तुमच्यासाठी. ‘फोटो एकदाच दिसतो आणि जातो,’ असं तुम्हाला कुणी सांगेल. व्हॉट्सॲपवर ती सोय २०२१ पासून आहे, स्नॅपचॅटची तर ओळखच ती आहे. पण समोरच्याने दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढला, तर कुठलं ॲप त्याला अडवणार? फोटो आपोआप क्लाउडवर जातो, घरातल्या टॅबवर उमटतो, दुरुस्तीला दिलेल्या फोनमध्ये राहतो. आणि ज्याला पाठवला तो आज चांगला असेलही, खरंच असेल. सहा महिन्यांनी भांडण झाल्यावरही तो तसाच असेल, याची खात्री त्यालाही देता येणार नाही. ‘विश्वास असेल तर पाठव’ असं जो म्हणतो, त्याने विश्वासाची परीक्षा तुमच्यावर लादलेली असते. स्वतः तो काहीही पणाला लावत नाही. दोन-तीनदा नाही म्हटल्यावरही जो मागतच राहतो, त्याच्या मागण्याला आग्रह म्हणू नका. तो दबाव आहे.

मुलग्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. दिल्लीपासून फार लांब नाही, नूह-मेवात आणि राजस्थानातल्या भरतपूर-अलवर पट्ट्यातून चालणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वारंवार पकडल्या आहेत. मुलीच्या नावाने मैत्रीची विनंती येते, दोन दिवस गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल. पलीकडे बहुतेकदा आधीच तयार असलेली चित्रफीत चालू असते. अलीकडचं मात्र सगळं रेकॉर्ड होतं. पाच मिनिटांत संपर्कयादीचा फोटो येतो: आई, काका, क्लासचे सर. पैसे पाठव. पाठवले की आणखी मागणी. त्यानंतर पोलीस अधिकारी म्हणून तिसऱ्याच कुणाचा फोन. माझा अनुभव असा, की अशा वेळी मुली निदान एखाद्या मैत्रिणीला सांगतात. मुलगे कुणालाच सांगत नाहीत. मुलगा म्हणजे खंबीर असला पाहिजे, हे आपण त्यांना इतकं बजावलेलं असतं, की फसलो हे सांगायलाही त्यांना तोंड उरत नाही.

आणि ज्या मुलींनी कधीच काही पाठवलं नाही, त्या तरी सुरक्षित आहेत का? २०२० च्या मे महिन्यात दिल्लीतल्या शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरचा ‘बॉइज लॉकर रूम’ हा गट उघडकीला आला. त्यात मुलींचे फोटो टाकून त्यांच्याविषयी काय काय लिहिलं जायचं ते इथे सांगवत नाही. त्यातले बरेच फोटो मुलींच्या स्वतःच्या खात्यांवरचे, साधे, कपड्यांतले होते. २०२३ मध्ये स्पेनच्या आल्मेंद्रालेखो गावात शाळकरी मुलांनी वर्गातल्या मुलींच्या साध्या फोटोंवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने नग्न चित्रं बनवली. पुढच्या वर्षी तिथल्या बाल न्यायालयाने १५ मुलांना एक वर्ष देखरेखीखाली ठेवलं. २०२३ मध्येच अभिनेत्री रश्मिका मंदाना यांची बनावट चित्रफीत आपल्याकडे फिरली आणि तिचा तपास याच द्वारकेतल्या युनिटने केला. तेव्हा ‘पाठवू नकोस म्हणजे झालं’ हा सल्ला अपुरा आहे. तो देऊ नका असं मी म्हणत नाही. तो देऊन आपलं काम संपलं, असं मानू नका.

आता कायद्याकडे येते. इथे थोडा वेळ घेईन, कारण पालकांच्या मनात सर्वांत जास्त गोंधळ इथे असतो.

दिल्लीच्या त्या प्रकरणानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली, ती ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. त्यातलं ६७-बी हे कलम अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची अश्लील चित्रं बनवणं, पाठवणं, साठवणं, शोधणं या सगळ्याला गुन्हा ठरवतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला, २०१९ मध्ये तो आणखी कडक झाला. आणि २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने, एक महत्त्वाचा निकाल दिला. मुलांची अशी सामग्री कुणी जवळ ठेवली, पुसली नाही, कळवलीही नाही, तर त्यावरून ती पुढे पाठवण्याच्या हेतूचा निष्कर्ष काढता येतो, असं न्यायालयाने सांगितलं.

हे सोसायटीच्या ग्रुपवर असलेल्या प्रत्येकाने नीट ऐकावं. एखाद्या मुलीची चित्रफीत ग्रुपवर येते. खाली कुणीतरी लिहितं, ‘पालकांनो, सावध व्हा.’ सावध करण्याच्या नावाखाली ती आणखी चार ग्रुपवर जाते. मावशीकडे, मेहुण्याकडे, गावाकडच्या ग्रुपवर. पाठवणाऱ्याचा उद्देश चांगला होता म्हणून ती मुलगी कमी उघडी पडते का? कायद्याच्या नजरेत असं पाठवणारा गुन्हेगार ठरू शकतो, आणि माझ्याही नजरेत तोच आहे. सोळा वर्षांच्या मुलीने प्रेमात केलेल्या अविचारापेक्षा पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने सहज केलेलं फॉरवर्ड मला कितीतरी जास्त गंभीर वाटतं.

पण याच कायद्यात एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. ६७-बी चे शब्द शब्दशः घेतले, तर स्वतःचा फोटो काढून पाठवणारी सोळा वर्षांची मुलगीसुद्धा ‘बनवणारी’ आणि ‘पाठवणारी’ ठरते. जिला वाचवायला कायदा केला, तीच त्याच्या कक्षेत येते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच स्वतःपुरत्या, खासगी, कुणाच्याही शोषणाविना काढलेल्या चित्रांना अपवाद केला. आपल्याकडे असा स्पष्ट अपवाद नाही. तो संसदेने करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. दोन समवयस्कांची चूक आणि एखाद्या भामट्याने केलेली पिळवणूक एकाच कलमात बसवणं योग्य नाही. अर्थात आज जे आहे ते आहे. मुलावर प्रकरण आलंच तर ते बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, त्याचं नाव छापता येत नाही. ‘आयुष्य संपलं’ हे वाक्य त्या काळात घरात कुणीही उच्चारू नये. ते खरं नाही, आणि मूल ते खरं मानतं.

दुसरी अडचण शिक्षकांची. पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा कळला की तो कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. मुलगी मात्र हात धरून सांगते, ‘मॅडम, कुणाला सांगू नका.’ काय करायचं? वचन देऊन मोडायचं की कायदा मोडायचा? मी शिक्षकांना सांगते, आधीच खोटं वचन देऊ नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं न म्हणता ‘तुला एकटीला सोडणार नाही’ असं म्हणा, आणि ते पाळा. पोलीस म्हणताच घाबरणाऱ्या मुलीला पुढचं समजावून सांगा. जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेते, अधिकारी गणवेशात नसतो, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस जवळ बसू शकतं. प्रत्यक्षात प्रत्येक ठाण्यात हे आपोआप होतं असं मी म्हणणार नाही. पण हा तिचा हक्क आहे, आणि तो मागणारा मोठा माणूस तिच्याबरोबर असला की फरक पडतो. खूप पडतो.

मग असं काही घडलं, तर करायचं काय? पैसे द्यायचे नाहीत, एकदाही नाही. धमकीचे संदेश पुसायचे नाहीत. खात्याचं नाव, दुवा, नंबर, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मगच ब्लॉक करायचं. पुरावा म्हणून तो फोटो मात्र कुणालाही पाठवायचा नाही, मामालाही नाही, ओळखीच्या वकिलालाही नाही. पाठवणं हाच गुन्हा आहे. तो फोन घेऊन ठाण्यात जायचं. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन. मुलांसाठी १०९८. ज्या मंचावर फोटो आला तिथेही तक्रार करायची; तो काढायला २०२१ च्या नियमांनी त्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती.

आणखी एक सोय फार कमी जणांना माहीत आहे. अठराच्या आत काढलेल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. अमेरिकेतलं बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीचं राष्ट्रीय केंद्र ती चालवतं, आपल्या मुलांनाही ती वापरता येते. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, तो ठसा तेवढा पाठवला जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखे त्यात सामील झालेले मंच तो ठसा जुळणारे फोटो शोधून काढून टाकतात. सज्ञानांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही तशीच सेवा आहे. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांपर्यंत ही यंत्रणा पोचत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणजे तिथली साखळी तोडणं पुन्हा माणसांच्याच हातात राहतं. ज्याच्याकडे आला त्याने पुढे न पाठवणं, एवढंच.

हे सगळं मुलांना आधी कळायला हवं. आधी म्हणजे कधी? आणि कोण सांगणार? र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. लैंगिक विषयावर स्वच्छ, शास्त्रीय मराठीत बोलल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मराठीत हे बोलायला सुरुवात होऊन शंभर वर्षं होत आली. तरी २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत आला, तेव्हा तो थांबवणाऱ्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता. २०२४ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज पुन्हा मांडली. आपण घरात अजून या गोष्टींची नावं घेत नाही. मूल ती नावं फोनवर शिकतं, आणि फोनवर ती शिकवणारा माणूस आपण निवडलेला नसतो.

पालकांनो, फोन तपासण्याविषयी तुम्ही मला नेहमी विचारता. सातवीतल्या मुलाच्या फोनवर लक्ष ठेवा, ते त्याला सांगून ठेवा. अकरावीतल्या मुलीचा फोन चोरून उघडलात, तर एखादा फोटो सापडेलही, पण त्यानंतर ती तुम्हाला काही सांगणार नाही. फोन काढून घेण्याच्या धमकीचंही तेच. फोन जाईल या भीतीनेच कित्येक मुलं धमकावणाऱ्याविषयी बोलत नाहीत. त्यापेक्षा आज रात्री जेवताना एवढं बोला: ‘तुझा असा फोटो कुणाकडे गेला, तू पाठवलेला असो की कुणी बनवलेला, तर सगळ्यात आधी आमच्याकडे ये. त्या दिवशी आम्ही रागावणार नाही. फोन काढून घेणार नाही. आधी ते थांबवू, बाकीचं नंतर बोलू.’ हे एकदा सांगून भागत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सांगा. आणि दुसऱ्याच्या मुलीविषयी अशी बातमी घरात आली, तर त्या क्षणी तुम्ही काय बोलता ते सांभाळा. तुमची मुलं ते ऐकत असतात. आपल्यावर वेळ आली तर आपल्याविषयी काय बोललं जाईल, हे त्यांना त्यावरून कळतं.

माझं बोलणं इथे थांबवते. संयोजकांनी दारापाशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. मुलांनी प्रश्न लिहून पेटीत टाकावेत, नाव घालू नये. पंधरा मिनिटांनी मी इथूनच उत्तरं द्यायला सुरुवात करेन. ज्यांचा प्रश्न सगळ्यांसमोर वाचायचा नाही, त्यांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात फुली मारावी. त्यांच्यासाठी मी नऊपर्यंत बाजूच्या खोलीत थांबणार आहे. पालकांना विनंती, तेवढा वेळ खाली चहा ठेवला आहे, तिथे बसावं.